दोनशे प्रती, एका बाजूला छपाई

यावलच्या लग्नपत्रिकेचं काम मध्येच थांबवून
मी तिची कारकीर्द टाइप करायला घेतली.
रेल्वे इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी घाईत,
म्हणाले, अर्ध्या पानात बसव, वर फोटो.
आऊद हेल्लेबर्ग. पियानोवादक. नॉर्वे.
फॉन्ट जुना, 'ल्ल' जोडून येईना.

मजकूर असा:
जन्म बर्गेन. नवव्या वर्षी पहिला कार्यक्रम.
ऑस्लो, बर्लिन, लंडन, पुन्हा बर्लिन.
एकतीस ध्वनिमुद्रिका.
राजाच्या हातून पदक, त्याचं नाव मी दोनदा चुकवलं.
मग सत्त्याण्णव साल, आणि त्यापुढे
एवढंच: काही काळ विश्रांती.
काही काळ म्हणजे किती, मी विचारलं.
ते म्हणाले, तू टाइप कर.

मे महिना. भुसावळचं ऊन
दुकानाच्या उंबऱ्याला टेकून बसलेलं.
कूलरमध्ये बादली ओततोय तोच
ती स्वतःच आली प्रूफ बघायला.
सत्तरीची, उंच, डोक्यावर ओला रुमाल.
म्हणाली, "काय करी ऱ्हायना भाऊ?"
मी उठून उभाच राहिलो.
माझ्या घरात पोरं आता अहिराणी बोलत नाहीत.

पेन्सिल मागितली.
पदक खोडलं. लंडन खोडलं.
दोनांतलं एक बर्लिन ठेवलं.
बर्गेनवर काट मारून
पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, रेघेखाली लोंबत,
लिहिलं: नवापूर.

आई तिथे मिशनच्या दवाखान्यात नर्स.
चर्चमध्ये पायाने दाबायची पेटी,
हिचे पाय पोचायचे नाहीत,
म्हणून खाली फरशीवर बसून
दवाखान्याची भांडी घासणारी झेलू
हातांनी पायटे दाबायची.
सूर चुकला की झेलूचे हात थांबायचे.
बोलायची काही नाही.
"पहिला मास्तर," ती म्हणाली, आणि लगेच, "मास्तरीण."
सहाव्या वर्षी बोटीत बसवलं.
पुढे पन्नास वर्षं सगळ्या पत्रिकांवर बर्गेन.
ते बरं दिसतं म्हणे.

'काही काळ विश्रांती' मी वाचून दाखवलं.
तिने उजवा हात टेबलावर ठेवला,
यावलच्या गणपतीशेजारी.
करंगळी आणि तिच्या जवळचं बोट
आत वळलेली, केळीच्या सुरळीसारखी,
फक्त ही सुरळी उलगडणार नव्हती.
मग इथे काय टाकू?
म्हणाली, टाक: आठ बोटं चालू आहेत.
मी टाकलं. सेक्रेटरींनी ते काढायला लावलं.
नवापूर त्यांच्या नजरेतून सुटलं.

संध्याकाळी गठ्ठा पोचवायला गेलो आणि थांबलो.
साहेबांच्या काळातला पियानो,
उधईसाठी आत कडुनिंबाचा पाला,
पट्ट्या तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारख्या.
हार्मोनियमवाला झिपरू मिस्तरी दोन दिवस खपला होता,
तरी चार पट्ट्या मुक्या राहिल्या.
माणसं साठेक. ड्युटी संपलेले गार्ड,
रेल्वे शाळेच्या बाई, पहिल्या रांगेत फ्रॉकमधल्या मिस पिंटो,
वीज गेल्यावर सगळ्यांच्या हातात
माझीच पत्रिका, पंख्यासारखी.

मला त्यातलं कळत नाही. मला लग्नातला बँड कळतो.
पण मुक्या पट्ट्या तिने वगळल्या नाहीत.
त्यांच्यावर बोट पडलं की नुसतं लाकूड वाजायचं, ठक,
आणि ती पुढे.
माझा बाप खिळे जुळवायचा.
दोन शब्दांमध्ये कोरे खिळे घालायचा,
कागदावर त्यांचं काही उमटत नाही,
एक काढला तर अख्खी ओळ हलते.
तो म्हणायचा, पगार मला याचाच मिळतो.
यार्डात इंजिनाने लांब भोंगा दिला.
ती थांबली, तो संपू दिला,
मग त्याच सुरावरून उचललं. बहुतेक. मिस पिंटो मान हलवत होत्या.

एकशे तीस प्रती उरल्या.
त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी उधारी लिहितो.
यावल, लग्नपत्रिका, बाकी चारशे.
कागद पातळ, दिव्यापुढे धरला की
मागून नवापूर दिसतं, उलटं.
बापाने ते सरळ वाचलं असतं.